बडोद्याहून इंदूरला जुनी मोटार आणताना: निवड, कागदपत्रे आणि परतीचा रस्ता

इंदूरहून आगगाडीने बडोद्याला जायचे, आधी बोलून ठेवलेल्या जुन्या मोटारी पाहायच्या आणि त्यांतली एखादी पसंत पडली तर कागदपत्रे पुरी करून तिच्यातूनच परत यायचे, असा माझा आणि माझ्या मामेभावाचा बेत होता व तो या हिवाळ्यात पार पडला. आम्हाला शोभेची मोटार नको होती. लोकमान्य नगरातून राजवाड्यापर्यंत रोज जाता येईल, अधूनमधून उज्जैन किंवा महू गाठता येईल, बिघडली तर गल्लीतला मिस्त्री दुरुस्त करू शकेल आणि पेट्रोलचा खर्च घरखर्चावर चढणार नाही, अशी तीस वर्षांच्या आसपासची मोटार हवी होती. सर्व खर्च धरून दीड लाख रुपयांची मर्यादा ठरवली होती.

निघण्यापूर्वी घरीच बरीच छाननी केली. अँबॅसेडर प्रथमच बाजूला ठेवली. १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि जड अंग यांमुळे पेट्रोलवरची अँबॅसेडर लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, वजन सुमारे नऊशे किलो आणि चांगल्या स्थितीत ॲव्हरेज बारा-तेराच्या घरात. मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि ॲव्हरेज सोळा ते अठरा. मात्र या आकड्यांना किती महत्त्व द्यायचे, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या वापरावरून करावा. वर्षाला चार हजार किलोमीटर चालवणाऱ्याला बाराच्या ॲव्हरेजने सुमारे ३३३ लिटर आणि सतराच्या ॲव्हरेजने सुमारे २३५ लिटर पेट्रोल लागते. फरक शंभर लिटरांचा, म्हणजे इंदूरच्या दराने दहा हजार रुपयांचा. तळाचा पत्रा कुजलेला निघाला तर एकाच वेळच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये अशा अनेक वर्षांची बचत निघून जाते. म्हणून माझे ठाम मत असे आहे की स्वस्त जुनी मोटार निवडताना पहिला क्रमांक पत्र्याचा, दुसरा कागदांचा, तिसरा सुट्या भागांचा आणि त्यानंतर ॲव्हरेजचा.

एका गैरसमजाबद्दल आधीच सांगितले पाहिजे, कारण विक्रेते 'व्हिंटेज' हा शब्द फार सढळपणे वापरतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेलीच मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात भरलेल्या प्रदर्शनात ज्या प्रकारच्या गाड्या होत्या, त्यांच्यासाठी ही तरतूद योग्य आहे. अशा नोंदणीची मोटार प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला तिची परवानगी नाही. ज्याला मोटार चालवायची आहे त्याने नेहमीच्या नोंदणीची, मुदत शिल्लक असलेलीच मोटार घ्यावी. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये, तेव्हा तिच्या बाबतीत हा प्रश्न २०३३ च्या आधी उद्भवतच नाही.

इंदूरहून उज्जैन-रतलाममार्गे जाणारी अवंतिका एक्सप्रेस रात्री उशिरा बडोद्याला पोहोचवते. स्थानकाजवळ मुक्काम करून सकाळी ताजेतवाने होऊन मोटार पाहायला जाणे उत्तम. मोटार दिवसाच्या उजेडात, कोरडी असताना आणि इंजिन पूर्ण थंड असताना पाहिली पाहिजे. विक्रेत्याला आदल्या दिवशीच तसे सांगून ठेवावे आणि पोहोचताच प्रथम बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी.

पहिली मोटार कारेलीबागेत होती, शेवटच्या काळातली पद्मिनी. मला पद्मिनी मनापासून आवडते. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, समोरची सलग बैठक, आणि हाताने उघडता-जुळवता येईल असे साधे इंजिन यांमुळे ती मोटार माणसाला आपलीशी वाटते. ही मोटार वरून आरशासारखी चकचकीत होती. मात्र कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवले तेव्हा ते कित्येक ठिकाणी चिकटेना. तिथे पत्रा नव्हता, लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला होता. पायाखालचे रबर उचलल्यावर तळाला नवे ठिगळ दिसले. इंजिन सुरू झाले, पण काही मिनिटे चालवून पाय काढला आणि पुन्हा दाबला की निळसर धूर निघत होता, याचा अर्थ ते ऑइल जाळत होते. इंजिनाची रिंग-पिस्टन बदलता येतात, कुजलेला तळ मात्र खऱ्या अर्थाने कधीच नवा होत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने जोरात थांबवल्यावर ती एका बाजूला ओढत होती, हे दुरुस्त होण्यासारखे होते. तरीही आम्ही नाही म्हटले.

पद्मिनी घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. तिच्या टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे तिचे भाग मुंबईच्या बाजारात अजून मिळतात आणि तिचे काम जाणणारे मिस्त्री हयात आहेत. ज्याच्या गावात असा एक मिस्त्री आहे आणि ज्याला कोरडा, बिनठिगळाचा तळ मिळाला आहे, त्याने ॲव्हरेजच्या चार किलोमीटरांसाठी तिला सोडू नये.

मकरपुऱ्यात पाहिलेली प्रीमियर ११८ एनई लवकर आटोपली. फियाट १२४ चे शरीर आणि निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन ही जोडी प्रवासाला आरामाची आहे, परंतु तिच्या काचा, दिवे आणि दारांचे भाग शोधावे लागतात. रोजच्या वापराच्या मोटारीला ती अडचण मोठी आहे.

तिसरी मोटार दांडिया बाजारातल्या एका वाड्यात, छपराखाली उभी होती, १९९३ ची मारुती ८००. मालक आमच्या वडिलांच्या वयाचे. मामेभावाने विचारले, "काका, सकाळपासून सुरू केली नाही ना?" त्यांनी सांगितले, "नाही हो, तुम्ही म्हणालात तशी बंदच ठेवली आहे. चोक ओढून एकदाच किल्ली फिरवा." तशी ती एका किल्लीत सुरू झाली. चोक हळूहळू आत ढकलत गेल्यावर दोन-तीन मिनिटांत इंजिन संथ चालू लागले. आम्ही कॉम्प्रेशन मोजण्याचे गेज बरोबर नेले होते. तिन्ही सिलिंडरांचा दाब जवळपास सारखा आला. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, तिघांत तफावत नको. प्लग काढल्यावर त्यांचा रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे कार्बुरेटर ना जास्त पेट्रोल देत होता ना कमी. या मोटारीत गंज प्रथम धरतो तो बॅटरीखालच्या ताटाला, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीला, दारांच्या खालच्या कडांना आणि तळाला. ताट गंजले होते, बाकी सारे कोरडे होते. बैठकी मात्र विजेरी लावून बाहेरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी पाहाव्यात, कारण तिथला कुजलेला पत्रा जिवावर बेतू शकतो.

हिच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सुटे भाग. हेच ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होते, त्यामुळे पंप, क्लच, गॅस्केट, टायमिंग बेल्ट यांपैकी काहीही इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीत मिळते. बारा इंची टायरही सहज मिळतात. विम्यातही फरक पडतो. जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टी दरांनुसार हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता करापूर्वी २,०९४ रुपये आहे, तर त्यावरील दीड हजारांपर्यंतच्या मोटारीचा ३,४१६ रुपये. पद्मिनी केवळ ८९ घनसेंटिमीटरांमुळे वरच्या गटात जाते.

कागदांना आम्ही मोटारीइतकाच वेळ दिला आणि पुढे जाणाऱ्यांनीही द्यावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १९९३ च्या मोटारीचे नूतनीकरण २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ असे चार वेळा झालेले असले पाहिजे आणि मुदत २०२८ पर्यंतची दिसली पाहिजे. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी दहा हजार करण्यात आले. शिवाय उशीर झाल्यास महिन्याला पाचशे रुपये दंड आहे. मुदत संपून वर्षे लोटलेली मोटार वीस हजारांनी स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त ठरत नाही. हाताने लिहिलेले जुने आरसी बुक असेल तर ती नोंद वाहन पोर्टलवर चढलेली आहे की नाही, हे मोबाइलवर तिथेच पाहावे. नसल्यास आधी मालकाकडून बॅकलॉग नोंद करून घ्यावी, मगच विसार द्यावा. चेसिस क्रमांक आपल्या हाताने पुसून, पेन्सिलने कागदावर छाप घेऊन आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आम्ही फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला दरजीपुऱ्याच्या आरटीओतून काकांकरवी आधीच सुरू करून ठेवला होता, त्यामुळे बडोद्यात अडकून पडावे लागले नाही. मालकी बदलासाठीच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, विमा, पीयूसी आणि कधीकाळी कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५ हे सर्व सह्यांसह हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. मोटार ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांनीही जवळ ठेवावा.

निघण्यापूर्वी एका स्थानिक गॅरेजात इंजिन ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट, टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या बदलून घेतल्या. नळ्यांचा आग्रह मी प्रत्येकाला धरीन. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि तीस वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. ते फुगते, मऊ होते आणि गरम इंजिनावर ठिबकते. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि मोटारीतल्या इंधनपंपाचा पडदा यांना फारसा खर्च येत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटते. जुन्या माहितीपत्रकातले आकडे आज मिळणार नाहीत, हे धरूनच चालावे. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, त्यामुळे महिनोन् महिने टाकी भरून मोटार उभी ठेवू नये.

पहाटे निघालो. बडोदे, हालोल, गोधरा, लिमखेडा, दाहोद, झाबुआ, राजगढ, घाटाबिल्लोद, बेटमा असा हा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. हालोलला उजवीकडे पावागड उजळू लागतो तोवर इंजिनाचे तापमान स्थिरावलेले असते. तिथे थांबून खाली काही ठिबकते आहे का, हे पाहावे. गोधऱ्याला पुन्हा पाहावे. त्यानंतर विश्वास बसतो. साठ ते सत्तरच्या वेगात ही मोटार अतिशय सुखाने चालते. चारच गिअर असल्याने ऐंशीच्या पुढे इंजिन ओरडू लागते आणि पेट्रोलही जास्त पिते. मालमोटारींच्या मागे दुप्पट अंतर राखावे, कारण या काळातल्या ब्रेकांना थांबायला जागा लागते. पेट्रोल गुजरातेत मध्य प्रदेशापेक्षा लिटरमागे दहा-बारा रुपयांनी स्वस्त असते, म्हणून दाहोद सोडण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून आपला लावलेला असावा, नाहीतर टोल त्यांच्या खात्यातून जातो. झाबुआजवळच्या माछलिया घाटात तिसऱ्या गिअरवर चढताना तापमानाचा काटा किंचित वर सरकला आणि उतारावर जागेवर आला. उन्हाळ्यात हा टप्पा दुपारी करू नये.

ॲव्हरेज मोजण्यापूर्वी मोटारीचा मीटर तपासला पाहिजे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहता आमचा मीटर वीसला एकवीस दाखवत होता, म्हणजे पाच टक्के जास्त. ही वजावट करून, टाकी काठोकाठ ते काठोकाठ या पद्धतीने, महामार्गावर लिटरला अठराहून थोडे अधिक पडले. इंदुरात, पलासिया आणि राजवाड्याच्या गर्दीत, ते पंधराच्या आसपास राहिले आहे.

आता नायता मुंडल्याच्या आरटीओत फॉर्म २७ देऊन मध्य प्रदेशचा नवा क्रमांक घेण्याचे काम चालू आहे. तिथे राज्याचा कर वेगळा भरावा लागतो आणि मोटार तपासणीला न्यावी लागते, तेव्हा दीड लाखाच्या हिशेबात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरून ठेवावी. नवी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही त्याच वेळी बसवून घेता येते.