शब्दांची सोबत

नववीत इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला एक सवय लावली. नवं नाम आलं की नुसता अर्थ लिहून थांबायचं नाही, त्याच्याबरोबर कोणती विशेषणं येतात तीही वहीत लिहायची. मराठीत आपण घनदाट जंगल आणि घनघोर युद्ध म्हणतो, घनदाट युद्ध कधीच म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवत नाही. परक्या भाषेत मात्र ते शिकावं लागतं, असं बाईंचं म्हणणं.

प्रसिद्धीच्या शब्दांचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. फळ्यावर चार शब्द होते : फेम, रिनाउन, अ‍ॅक्लेम, रेप्युटेशन. शब्दकोशात चौघांचे अर्थ जवळजवळ सारखे. विशेषणं लिहायला घेतली तसे ते वेगळे दिसू लागले. ‘फेम’पाशी काळाची विशेषणं जमली : इन्स्टंट, ओव्हरनाइट, फ्लीटिंग, लास्टिंग, पॉस्थ्युमस. उदाहरणं बाईंनी चक्क विज्ञानातून काढली. राँटजेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये, आणि जानेवारी १८९६ मध्ये ती बातमी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत होती. ही ओव्हरनाइट फेम. मेंडेल वारले १८८४ साली, आणि वाटाण्याच्या रोपांवरच्या त्यांच्या कामाचं मोल जगाला कळलं १९०० मध्ये. ही पॉस्थ्युमस फेम. एवढं ऐकल्यावर त्या अवघड विशेषणाचा अर्थ पाठ करावाच लागला नाही.

‘रिनाउन’ला इंटरनॅशनल, वर्ल्डवाइड अशी दूरवर पोचणारी विशेषणं शोभतात. ‘अ‍ॅक्लेम’मध्ये वाखाणणारा कोण ते महत्त्वाचं : क्रिटिकल म्हणजे समीक्षकांनी, पॉप्युलर म्हणजे लोकांनी. (वाटणी काटेकोर नाही, वर्ल्डवाइड फेमही म्हणतातच.) मला सगळ्यांत आवडला तो ‘रेप्युटेशन’. सॉलिड (भक्कम), एन्व्हिएबल (हेवा वाटावा असं), डुबियस (संशयास्पद), टार्निश्ड (डागाळलेलं), त्याला काहीही चालतं, आणि माणसाची खरी खबर त्या विशेषणातूनच मिळते.

पुढे भाषाशास्त्र शिकताना कळलं की हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्येच इंग्रजीतल्या अशा जोड्यांचा अहवाल टोकियोत प्रसिद्ध केला होता, आणि शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून, असं फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं. कोबिल्ड हा इंग्रजी शब्दकोश १९८७ मध्ये आला, तो संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या मजकुराच्या आधारावर. हे वाचताना प्रत्येक पानावर मला बाईंचा तास दिसत होता.

आज मी भाषांतराचं काम करतो. हल्ली इंग्रजी मजकुरात ‘नोटोरायटी’ हा शब्द साध्या प्रसिद्धीसाठी सर्रास येतो, एखाद्या गुणी वादकाबद्दलसुद्धा. मला ते मुळीच पटत नाही. त्या शब्दाची जुनी संगत गुन्ह्यांशी आणि भानगडींशी आहे, ती वाचकाच्या कानात अजून आहे. म्हणून असा मजकूर तपासायला आला की मी तिथे ‘फेम’ सुचवतो आणि समासात कारणही लिहितो.