आमची वाटचाल : सहा तंबू ते गावातली पडवी

2013 साली मी आणि माझ्या मामेभावाने दोन-दोन माणसांचे सहा तंबू घेतले, तेव्हा धंदा करावा असं काही डोक्यात नव्हतं. शनिवारी दुपारी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून एसटी पकडायची आणि कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याला उतरायचं, ही कॉलेजपासूनची सवय. मित्र विचारायचे, मित्रांचे मित्र विचारायचे, म्हणून तंबू भाड्याने द्यायला लागलो. पंचवटीतल्या घराचा माळा हे आमचं गोदाम आणि आईची शिवणयंत्राची खोली हे ऑफिस. तंबूच्या फाटलेल्या जाळ्या तीच शिवून द्यायची.

नाशिककराला डोंगर शोधायला लांब जावं लागत नाही. त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, पुढे हरिहर. घोटीकडून बारीला गेलं की कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. भंडारदऱ्याच्या मागे रतनगड, चांदवडच्या बाजूला धोडप आणि बागलाणात साल्हेर. पण एका रात्रीत हे डोंगर बघायला येणाऱ्या माणसापुढे तेव्हा दोनच पर्याय असायचे. एक तर महागडं रिसॉर्ट, नाहीतर अंगावर शाल घेऊन देवळात कुडकुडत काढलेली रात्र. या दोहोंच्या मधली जागा आम्हाला भरायची होती.

पहिली तीन-चार वर्षं आम्ही तेच केलं जे सगळे करत होते. वर पठारावर तंबू, मध्ये शेकोटी, चिकनची पातेली आणि रात्री बारापर्यंत गाणी. मंडळी खूश असायची, आम्हीही असायचो. मग एका जानेवारीत एका गडावर आमच्याच गटातल्या चौघांनी जेवणाची भांडी टाक्यात घासली. साबणाचा फेस मी सकाळी पाहिला. खालच्या पाड्यावरचे एक बाबा गुरं घेऊन वर आले होते. ते काही ओरडले नाहीत. टाक्याकडे बघत एवढंच म्हणाले, "हे पाणी आता पावसापर्यंत असंच राहील, भाऊ."

त्या वाक्याने माझी झोप उडाली, कारण ते शब्दशः खरं होतं. गडावरचं टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. त्यात झरा असेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी साठतं ते पावसाचं पाणी. नदीत पडलेला साबण निदान वाहून जातो, टाक्यातला तिथेच राहतो. जानेवारी ते जून, पाच महिने. ती गुरं तेच पाणी पिणार होती आणि वाट चुकून आलेला एखादा तहानलेला ट्रेकरही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन पुन्हा वर गेलो, वरचा फेस काढला, जमेल तेवढं पाणी उपसलं. त्यानंतरच्या शनिवारची बुकिंगं रद्द केली आणि पैसे परत दिले. पुढचे दोन महिने एकही गट नेला नाही.

त्या दोन महिन्यांत आम्ही बाबांच्या पाड्यावर चार-पाचदा गेलो. पहिल्यांदा माफी मागायला आणि नंतर नुसतेच. तिथल्या मावशी नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा वाढायच्या. झोपायला शेणाने सारवलेली पडवी. थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, पण पडवीत गोणपाटावर सतरंजी टाकली की पुरेसं होतं. तेव्हा लख्ख कळलं की स्वस्त मुक्काम आम्ही उगाच वर शोधत होतो. तो खाली, या घरांमध्ये कधीपासूनच होता. फक्त त्याचे पैसे या घरांपर्यंत येत नव्हते.

आजचा आमचा धंदा त्यावर उभा आहे. माणशी 450 रुपये. त्यातले 250 जेवण आणि सकाळच्या चहा-पोह्यांचे, 100 पडवीचे, हे साडेतीनशे घरच्या मावशींच्या हातात जातात. उरलेले 100 आमचे. प्रवास ज्याने त्याने एसटीने करायचा, वेळापत्रक आम्ही पाठवतो. गाडी आम्ही देत नाही, कारण गाडी आली की दर दुप्पट होतो आणि विद्यार्थी गळतो. पहाटे साडेतीन-चारला उठून हेडलॅम्पच्या उजेडात चढायला लागायचं, सूर्योदय वर बघायचा आणि दुपारच्या जेवणाला परत खाली. गडावर रात्र न काढताही गडाची पहाट मिळते, हे एकदा अनुभवलेला माणूस सहसा तंबूचा हट्ट धरत नाही.

तंबू बंद केलेले नाहीत. पण आता एका वेळी जास्तीत जास्त चार तंबू आणि आठ माणसं. आधी परवानगी. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा भाग अभयारण्यात येतो, तिथे वनखातं नाही म्हणालं तर विषय संपला. साल्हेर तर 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तिथल्या तटाला दोरी बांधू देणं आमच्याने होणार नाही. अंजनेरीच्या पठारावर आम्ही तंबू लावतच नाही. पावसाळ्यात तिथे कंदीलपुष्पाची एक जात फुलते, अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी. तिचे कंद कातळावरच्या वीतभर मातीत असतात. तंबूखाली दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला किती पावसाळे लागतील, ते मला बघायचं नाही.

शेकोटी नाही, कुठेच नाही. यावर लोक सर्वात जास्त नाराज होतात, म्हणून मी सविस्तर सांगतो. डिसेंबरनंतर डोंगरावरचं गवत इतकं वाळतं की एका ठिणगीने अख्खा उतार जातो. शिवाय एका रात्रीच्या शेकोटीत जेवढी लाकडं जळतात, तेवढ्यात पाड्यावरच्या घराची चूल कितीतरी दिवस चालते. ती मोळी डोक्यावरून आणणारी बाई मी रोज पाहतो. थंडी वाजते ती खालून. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून पांघरूण वाढवण्याआधी खालची मॅट जाड घ्या. आणि तंबूची जाळी थोडी उघडी ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ आतून ठिबकते आणि पहाटे सगळं ओलं.

शौचाचा विषय बोलायला लोक लाजतात, आम्ही चढायच्या आधीच बोलतो. पाण्यापासून दोनशे फूट दूर, सहा-आठ इंच खड्डा, नंतर माती लोटायची, हा नियम जगभर सांगतात आणि खालच्या रानात तो बरोबर आहे. मातीच्या वरच्या थरातले जिवाणू घाण कुजवतात. पण आमच्या गडमाथ्यावर खुरपं दोन इंचांवर कातळाला लागतं. तिथे कुजणार काय? म्हणून आम्ही झाकणाचा छोटा ड्रम, त्यात लाकडाचा भुसा, असा सरंजाम वर नेतो आणि भरलेला खाली आणतो. तो ड्रम पहिली दोन वर्षं मी स्वतःच पाठीवर उतरवला. आता मंडळी आळीपाळीने घेतात. ओले टिश्यूसुद्धा खाली येतात, त्यात प्लॅस्टिकचा धागा असतो.

मे अखेर ते जून, काजव्यांच्या दिवसांत, आम्ही भंडारदऱ्याकडे गट नेणं थांबवलं. वर्षातली सर्वात चांगली कमाई त्या तीन आठवड्यांत व्हायची. पण नर काजवा उजेडाने मादीला हाक मारतो आणि शेकडो गाड्यांच्या दिव्यांत ती हाक हरवते. ज्यांना काजवे बघायचेच आहेत, त्यांना आम्ही गावातल्या घरी दोन-चार जणांनी, टॉर्च न लावता अंगणात बसायला सांगतो.

लॉकडाऊननंतर धरणाकाठी तंबूंची रांगच लागली, तेव्हा आमच्याकडे सरळ विचारणा होती, शंभर तंबू लावाल का? मामेभावाला ते पटत होतं. त्याच्यावर घराचं कर्ज होतं, त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो वेगळा झाला. हिशेब आम्ही आईसमोर बसून केला, त्यातले तीन तंबू त्याचे. दिवाळीला तो अजून येतो.

आज सात गावांत मिळून अकरा घरं आमच्याबरोबर आहेत. या हिवाळ्यात साल्हेरवाडीत बारावं घर जोडतोय. तिथल्या दादांनी पडवीची कौलं बदलून घेतली, आम्ही दहा सतरंज्या आणि दोन पाण्याचे पिंप पोहोचवले. वहिनींना फक्त एकच शंका होती, शहरातल्या लोकांना बाजरीची भाकरी चालेल ना. पहिला गट आठ जणांचा आहे, सटाण्याहून शेवटच्या एसटीने येईल.