एसएटीचं व्याकरण : कॉमा कानाने ठरत नाही

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या तयारीत मला सगळ्यात जास्त चीड आली ती एका सल्ल्याची. ‘वाक्य मनात म्हणून बघ, जिथे थांबावंसं वाटेल तिथे कॉमा दे.’ क्लासच्या नोट्समध्ये हेच, शंका विचारली तरी हेच. घरीदारी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांनी कुठे थांबायचं, हे कुणी सांगत नाही. बरं, अस्खलित इंग्रजी बोलणारी मुलंही याच प्रश्नांत अडकताना मी पाहिली. ही परीक्षा उच्चार तपासत नाही, वाक्याची रचना तपासते.

बाकीचे नियम भराभर बसले. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत. पूर्णविराम किंवा सेमीकोलन द्या, नाहीतर कॉमासोबत ‘अँड’, ‘बट’ असा शब्द आणा. कोलनच्या आधी पूर्ण वाक्य हवंच. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये लांबलचक मजकूर घुसवला असेल तर तो झाकून वाचा, एकवचन की अनेकवचन ते लगेच दिसतं.

घोडं अडलं ते नावांपाशी. ‘फिजिसिस्ट मेरी क्यूरी’ असं वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि पर्याय चार: कॉमा नावाआधी, नावानंतर, दोन्हीकडे, किंवा कुठेच नाही. कानाला चारही बरे वाटतात! उत्तराच्या स्पष्टीकरणात ‘इथे विरामचिन्हाची गरज नाही’ एवढंच. का नाही? ते मी शेवटी उदाहरणं शेजारी शेजारी लिहून स्वतःच शोधलं.

‘फिजिसिस्ट’ हा शब्द आधी ‘अ’ किंवा ‘द’ न लावता थेट नावाला चिकटला असेल तर तो पदवीसारखा असतो, म्हणून कॉमा नाही. ‘द फिजिसिस्ट मेरी क्यूरी’ असेल तर नाव काढून बघायचं. ‘कोणती फिजिसिस्ट?’ असा प्रश्न उरतो, म्हणजे नाव गरजेचं, म्हणून इथेही कॉमा नाही. पण ‘नोबेल मिळवणारी पहिली स्त्री’ असं वर्णन आधी आलं, तर ती व्यक्ती एकच असू शकते. नाव ही निव्वळ जादा माहिती झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना कॉमा. ‘तिचा नवरा, पिएर क्यूरी,’ याचंही तसंच. आणि नाव आधी, ओळख नंतर असा क्रम असेल, ‘मेरी क्यूरी, अ फिजिसिस्ट,’ तर ती ओळख कॉमांच्या जोडीत बसते. जोडी हे महत्त्वाचं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा दिसला की तो पर्याय सरळ खोडायचा. डॅशचंही हेच: जादा मजकूर डॅशने उघडला तर डॅशनेच बंद होतो, कॉमाने नाही.

हे उमगलं तेव्हा मला फार आनंद झाला, आणि रागही आला. एका पानात मावणारी गोष्ट आहे ही, आणि पैसे घेऊन शिकवणारे ती ‘सरावाने येईल’ म्हणून सोडून देतात. नुसत्या सरावाने येत नाही. रचना पाहायला शिकवावी लागते.

एक युक्ती वर सांगायची राहिली. दोन पर्यायांत शब्द तेच असतील, एकात पूर्णविराम आणि दुसऱ्यात सेमीकोलन एवढाच फरक असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही बाद. दोन पूर्ण वाक्यांमध्ये दोघांचं काम एकच, आणि बरोबर उत्तर दोन असू शकत नाहीत.

वेळेचंही सांगते. वाचन-लेखनाच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये, म्हणजे भागात, 32 मिनिटांत 27 प्रश्न असतात आणि व्याकरणाचे प्रश्न शब्दार्थ आणि उताऱ्यांच्या नंतर येतात. मी आधी थेट त्यांच्यावर जायचे, कारण तिथे उताऱ्याचा आशय लागत नाही, एक-दोन वाक्यांवर काम भागतं. मॉड्यूल सुरू असेपर्यंत मागेपुढे जाता येतं. ते संपलं की परतता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.