तुम्ही विचारलंत म्हणून : चांगली मालिका बंद पडली की एवढे का लागते?

मी टेलिव्हिजनविषयी लिहिते हे ठाऊक असलेली मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात : "लोक पाहत नसतील तर वाहिनीने मालिका चालवायची तरी कशाला? आणि ती बंद पडली तर तुम्हाला एवढे का लागते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी सोनी मराठीवरील 'सावित्रीजोती' ही मालिका येते.

जानेवारी २०२० मध्ये ती सुरू झाली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांचे सहजीवन दैनंदिन मालिकेतून मांडण्याचे धाडस दशमी क्रिएशन्सने केले होते, आणि फुल्यांचे व्यासंगी अभ्यासक हरी नरके यांचे संशोधन त्यामागे उभे होते. मार्चमध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले, काही महिने नवे भागच आले नाहीत आणि डिसेंबरमध्ये पुरेसा टीआरपी नाही म्हणून मालिका संपली. १८४८ ची भिडे वाड्यातील मुलींची शाळा, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ चा सत्यशोधक समाज आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना आलेला मृत्यू, एवढा अर्धशतकाचा पट ज्या कथेचा आहे, तिला वर्षही पुरते मिळाले नाही.

आता 'लोक पाहत नसतील' या शब्दांकडे येते. बार्क ही संस्था निवडक घरांतील टीव्हीला मीटर जोडते, घरातील प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे असते, आणि त्यावरून काढलेले आठवड्याचे आकडे गुरुवारी वाहिन्यांच्या हाती पडतात. नमुना पाहणी म्हणून या पद्धतीला माझा आक्षेप नाही. मात्र एकच टीव्ही असलेल्या घरात त्या वेळी सासूबाईंची जुनी आवडती मालिका लागलेली असते आणि सून नवी मालिका रात्री मोबाइलवर पाहते. तिचे ते पाहणे या आकड्यात येत नाही. शिवाय प्रेक्षकांना मालिका आवडली नाही, वेळ सोयीची नव्हती, की ती सुरू झाल्याचे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही, याचा उलगडा आकडा करत नाही. आणि तरीही मालिकेचे भवितव्य मुख्यतः त्यावरच ठरते.

वाहिनी धर्मादाय संस्था नाही, हे मला मान्य आहे. प्राइम टाइममधील अर्ध्या तासाचे जाहिरातींचे दर याच आकड्यांवर ठरतात, आणि जुने वाडे, पगड्या, नऊवारी यांचा खर्च आजच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या मालिकेपेक्षा जास्त असतो. पण असा खर्च करायचे ठरवतानाच प्रेक्षक जमायला वेळ लागणार, हेही धरून चालायला हवे.

दूरदर्शनवर जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होतो म्हणून पहिल्या तेरा भागांवर प्रेक्षक नाराज होते. लेखक मनोहर श्याम जोशी यांनी उपदेश कमी केला, कुटुंबातील सुखदुःखे पुढे आणली, आणि १५६ भागांची ती मालिका देशभर घरातली झाली. दूरदर्शनला तेव्हा स्पर्धा नव्हती हे खरे, तरीही चुकलेले सुधारायला त्या लेखकाला सवड मिळाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज ती सवड मिळत नाही. पुढच्या महिन्यांसाठी राखून ठेवलेले प्रसंग चार-पाच भागांत कोंबावे लागतात. ज्यांनी निष्ठेने रोज मालिका पाहिली, त्यांच्या वाट्याला घाईघाईचा शेवट येतो. मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती पुढच्या निर्मात्याची. तो ताराबाई शिंदे किंवा महर्षी कर्वे यांच्यावरचा विषय घेऊन गेला, की 'असले चालत नाही' म्हणून आधीच्याच मालिकेचा दाखला त्याच्यापुढे ठेवला जाण्याची भीती असते.

चरित्रात्मक मालिकेची भागसंख्या आधीच ठरवावी, प्रेक्षकांना ती सांगावी आणि तेवढे भाग दाखवावेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. तेही परवडत नसेल तर बंद करण्याचा निर्णय लेखकाला निदान दोन महिने आधी कळवावा, आणि उरलेली कथा वाहिनीने स्वतःच्या ॲपवर तरी पूर्ण करावी.