कोपरखैरण्याची रूम आणि अमेरिकेतली फ्रॅट

आमच्या नवी मुंबईतल्या भाड्याच्या रूमवरचा चिपळूण एमएस करायला अमेरिकेत गेला. चिपळूण म्हणजे पोरगा हां, आमच्याकडे सगळ्यांना गावावरूनच हाक मारायचे, चिपळूण, कराड, बीड, संगमनेर, आणि एक नुसता डिप्लोमा, कारण तो डायरेक्ट सेकंड इयरला आलेला आणि त्याचं घर वागळे इस्टेटला, आता त्याला काय ठाणे म्हणून हाक मारायची? (ठाण्याचा असून रूमवर का राहायचा तर घर दहा बाय दहाचं, माणसं पाच, आणि टीव्ही कायम चालू.) तर चिपळूणने तिथे पहिल्या उन्हाळ्यात पैसे वाचवायला एका फ्रॅटर्निटीच्या (फ्रॅट म्हणजे शपथ घेऊन मेंबर होणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं मंडळ) बंगल्यात खोली घेतली. सुट्टीत त्यांची पोरं घरी जातात, मग रिकाम्या खोल्या बाहेरच्यांना स्वस्तात देतात. व्हिडिओ कॉल करून आम्हाला सगळं घर फिरवून दाखवलं, भिंतीवर वर्षावर्षाच्या फ्रेमा, एकेका फ्रेममध्ये त्या वर्षीच्या सगळ्या पोरांचे कोट-टाय घातलेले छोटे छोटे फोटो, खाली बेसमेंटमध्ये चिकट फरशी आणि मोडका सोफा. म्हणतो, अरे ही आपलीच रूम आहे, फक्त पैसेवाली.

मला ते तेव्हा पटलं नाही, आणि अर्धं अजून पटत नाही.

त्यांचं प्रकरण जुनं आहे. १७७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पोरांनी फाय बीटा कॅपा नावाचं मंडळ काढलंसुद्धा, शपथ, गुप्त खुणा, हात मिळवायची वेगळी पद्धत असं सगळं. ती संस्था पुढे हुशार पोरांचा मान म्हणूनच राहिली. आपण ज्याला फ्रॅट म्हणतो तसं १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झालं, कॅपा अल्फा सोसायटी. घरं नंतर आली. आणि सगळ्यांना दार उघडं होतं असं अजिबात नाही, म्हणून तर १९०६ मध्ये कॉर्नेलला काळ्या विद्यार्थ्यांनी स्वतःची अल्फा फाय अल्फा काढली.

ह्या शेवटच्या गोष्टीवर संगमनेर म्हणाला, यात नवीन काय. त्याला आमच्या रूमवर येण्याआधी घणसोली ते सानपाडा कितीतरी ठिकाणी नकार मिळाला होता. सोसायटीत बॅचलर नको हे तर सगळ्यांनाच ऐकावं लागतं, पण त्याला आधी आडनाव विचारायचे आणि मग "बघून कळवतो". एजंट तर तोंडावर म्हणाला, तुमच्यासाठी गावठाणात बघू. आमचे मालक काका मात्र आगरी, कोपरखैरणे गावातलेच, जमीन सिडकोत, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे, गेली आणि बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग झाली, तिथली आमची रूम. त्यांना आडनावाशी घेणंदेणं नव्हतं. महिन्याच्या ५ तारखेला भाडं आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद, बास.

रूम म्हणजे टू बीएचके, तीन टाकीपासून चालत जायच्या अंतरावर, पण टू बीएचके कोणी म्हणायचं नाही. रूम. रूमवर ये, रूमवर जेव.

फ्रॅटमध्ये नवीन पोरं सेमिस्टरच्या सुरुवातीला घरोघर फिरतात, घरवाले त्यांना जोखतात, पसंत पडला तर बोलावणं पाठवतात, मग काही आठवडे उमेदवारी, मग शपथविधी. आमच्याकडे रूम बघायला आलेल्याला चहा द्यायचे आणि तीन प्रश्न. घोरतोस का, सकाळी बाथरूमला किती वेळ लागतो, डिपॉझिट एकदम देणार की तुकड्यात. तिसऱ्या प्रश्नावर सगळं ठरायचं.

कारण रूम चालली ती डिपॉझिटवर, मैत्रीवर नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं की शिव्या पडतात पण खरं तेच आहे. मालकाकडे दीड लाख डिपॉझिट, सहा जणांत पंचवीस पंचवीस हजार. बीई संपवून जाणारा मालकाकडे पैसे मागायचाच नाही, तो त्याच्या जागी नवीन पोरगा शोधायचा आणि त्याच्याकडून पंचवीस हजार घ्यायचा. म्हणजे काकांकडे पडलेले मूळ पैसे ज्या बॅचने भरले त्यांना आम्ही कोणी बघितलंही नव्हतं, ते पैसे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आमच्यापर्यंत आले होते. दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट नवीन, नावं बदलायची, पैसे तिथेच. आणि आपले पैसे परत हवे असतील तर चांगला पोरगा आणावा लागायचा, कारण उरलेल्या पाच जणांना तो चालला नाही तर ते हो म्हणायचे नाहीत आणि तू बसतोस पंचवीस हजार अडकवून. भांडून गेलेल्यालासुद्धा प्रथा म्हणून सगळे सोडायला स्टेशनवर यायचे, कारण त्याने नवीन माणूस दिलेला असायचा.

चिपळूणला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, इथेही तेच आहे रे. फ्रॅटची कितीतरी घरं कॉलेजची नसतातच, जुन्या मेंबरांची एक संस्था असते, घर तिच्या नावावर, छप्पर गळलं की म्हातारे मेंबर वर्गणी काढतात, म्हणून घर टिकतं. शपथ-बिपथ वरची सजावट. हे मला पटलेलं अर्धं.

आमच्याकडे सजावट फारशी नव्हतीच. एक काच होती. जुन्या शोकेसच्या सरकत्या दाराची जाड काच, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, त्यावर कोणीतरी इलेक्ट्रिकची काळी टेप लावलेली. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंग शीटा आल्या की ती काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली होल्डरमध्ये बल्ब, वर आधी सिनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि बसायचं जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारत. बल्ब तापला की काच गरम व्हायची, घामाने हात ओला, शीटला डाग पडले तर सर पकडणार म्हणून हाताखाली रुमाल. पहाटे तीनला पंखा बंद, कारण पंख्याने वरचा कागद सरकतो, आणि बाहेर पामबीचकडून येणारा वारा म्हणे, आमच्या खिडकीत तर खाडीचा वासच यायचा. काच कुठल्या बॅचपासून होती कोणाला सांगता यायचं नाही. कॉलेजने पुढे बरंचसं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर नेलं तरी ती कपाटामागे उभी होती.

खरी सत्ता मावशींची. गावठाणातून यायच्या, संध्याकाळी सातच्या ठोक्याला, सात दहाला दार उघडलं नाही तर परत जायच्या आणि मग रात्री सगळ्यांना वडापाव. अमेरिकेत पूर्वी अशा घरांमध्ये हाऊस मदर नावाची बाई ठेवायचे, पोरांना वळण लावायला, काही ठिकाणी अजूनही असते. आमच्या मावशींनी वळण वगैरे लावलं नाही, त्या फक्त आदल्या रात्रीची भांडी सिंकमध्ये दिसली की स्वयंपाकाला हात लावायच्या नाहीत. त्यामुळे फ्रिजवर भांड्यांच्या पाळ्यांचा कागद आला, आणि त्या कागदावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पोरींवरूनसुद्धा झाली नाहीत. कराड माळकरी. त्याची कढई वेगळी, दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली म्हणजे रात्री अंधारात पण हाताला कळावी, आणि गटारीच्या दिवशी मटणाच्या रांगेत पहाटे उभं राहायला हाच गडी सगळ्यांच्या आधी तयार, खाणार नाही पण चांगला कटिंग पीस मलाच ओळखता येतो म्हणायचा. घरी खाटकाचं दुकान नव्हतं काही, कुठून शिकला देव जाणे. त्या रात्री सगळ्यांची काँट्री, कराडचे पैसे माफ, तो गच्चीवर पोहे खात बसायचा आणि कोण किती प्यायलं याचा हिशोब ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, महिनाभर रूमवर अंडंही बंद, हे मात्र कराडसाठी सगळे पाळायचे, बीड सोडून.

गणपतीत कोकणवाले सगळे गायब. मग रूमवर मराठवाडा आणि नगर. दिवाळीनंतर पाच घरचे पाच चिवडे एका पातेल्यात ओतायचे, तो चिवडा कुठल्याही एका घरच्यापेक्षा भारी लागायचा.

आता इंट्रो. प्रत्येक नव्या पोराची पहिल्या शनिवारी इंट्रो व्हायची. आमच्या वेळेपर्यंत ती खिचडी लावण्यापुरती होती, सगळ्यांना पुरेल एवढी खिचडी करायची आणि ती कितीही बिघडली तरी सगळ्यांनी खायची. पण आमच्या आधी तसं नव्हतं. एका सिनियरने एका पोराला रात्रभर कुर्त्यावर थंड पाणी ओतत गॅलरीत उभं केलं होतं, डिसेंबरात, तो पोरगा सकाळच्या पहिल्या ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला आणि तिथून गाडी पकडून गावी, परत आलाच नाही. त्याचे पंचवीस हजार परत पाठवायला लागले आणि तसली इंट्रो तिथे मेली. म्हणजे परत डिपॉझिटच. पोरगा गेला याचं वाईट वाटून बंद झाली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. त्यात कॉलेजच्या आत किंवा बाहेर असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे भाड्याची रूमही आली, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आम्ही दरवर्षी रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र भरायचो, आईवडलांच्या वतीनेही आम्हीच भरायचो, पण हे बाहेरचं कलम कोणी वाचलेलं नव्हतं. अमेरिकेत पोरं मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या, उमेदवारीच्या काळात दारू पाजून पाजून, आणि देशभरासाठीचा कायदा झाला २०२४ च्या डिसेंबरात, त्यात कॉलेजांनी असे प्रकार लोकांपुढे मांडायचे असं आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांचे कायदे मात्र त्याच्या कितीतरी आधीचे, कागदावर तरी. गुप्त शपथ घेतलेल्या घरात तक्रार करणारा भावांशी गद्दारी करणारा ठरतो, हा त्या पद्धतीतला सडका भाग आहे आणि भिंतीवरच्या फ्रेमा कितीही छान असल्या तरी मला तो झाकलेला दिसत नाही. आमच्याकडे शपथ नव्हती म्हणून त्या पोराला निदान निघून जाता आलं.

रूम आता नाही. काकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना जागा हवी झाली, त्यांनी शेवटच्या बॅचला रंगाचे आणि लाईट बिलाचे पैसे कापून डिपॉझिट दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते पैसे मालकाकडून बाहेर आले. खरी मजा त्यानंतर. भांडी, मिक्सर, फ्रिज हे सगळं प्रत्येक बॅचने थोडे थोडे पैसे देऊन पुढच्याला दिलेलं, मग ते नक्की कोणाचं? तारेची कढई मावशी घेऊन गेल्या, त्यावर कोणी बोललं नाही. कुकर संगमनेरकडे. मिक्सरवरून ग्रुपवर अजून चालूय, बीड म्हणतो मोटर मीच बदलून घेतली होती, वहीत लिहिलंय, वही काढा. वही कराडकडे, कराड दुबईला, आणि तो मेसेज वाचतो, निळी टिक येते, उत्तर देत नाही.