धाप, दुःस्वप्न आणि भास: 'पँट' या इंग्रजी शब्दाचं कूळ

इंग्रजीत 'पँट' हे क्रियापदही आहे. अर्थ: धापा टाकणे. अंगावरच्या पँटशी त्याचं काहीही नातं नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. कपड्यातली पँट हे 'पँटलून्स'चं 19व्या शतकात अमेरिकेत रूढ झालेलं लघुरूप. पँटलून्स फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ इटालियन लोकनाट्यातल्या पांतालोने या पात्रात, म्हणजे व्हेनिसच्या एका कंजूष म्हाताऱ्या व्यापाऱ्यात आहे. चांगल्या इंग्रजी कोशात एकाच स्पेलिंगच्या अशा शब्दांना 1, 2 असे आकडे घालून वेगळ्या नोंदी दिलेल्या असतात. व्युत्पत्ती वाचण्याआधी तो आकडा पाहावा. बहुतेक गफलती तिथेच होतात.

धापेचा 'पँट' इंग्रजीत 15व्या शतकात दिसू लागतो. तो बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या 'पांतेझिए'चं आखूड रूप असावा. त्याचा अर्थ धाप लागणे, जीव कासावीस होणे. आजच्या फ्रेंचमध्ये अवाक् झालेल्या माणसाला 'पांत्वा' म्हणतात, तो शब्दही याच घरातला. त्यामागे बोली लॅटिनमधला 'पांतासिआरे' मानतात. कोशात या रूपाआधी तारा छापलेला असतो. याचा अर्थ, हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, ध्वनिनियमांवरून अभ्यासकांनी उभा केला आहे. म्हणून साखळीतली ही कडी सांगताना 'बहुधा' गाळू नये. त्याच्याही मागे आहे ग्रीक 'फांतासिया': डोळ्यांपुढे दिसणारी प्रतिमा, कल्पना.

म्हणजे 'पँट' आणि 'फँटसी' ही भावंडं. मग एकात प आणि दुसऱ्यात फ का? प्राचीन ग्रीकमधला तो वर्ण आपल्या 'फळ'मधल्या फ सारखा, म्हणजे प + हकार असा उच्चारला जाई. सामान्य रोमन माणसाच्या तोंडी हकार गळून प उरला. विद्वानांनी पोथ्यांतून उचललेल्या शब्दांत मात्र फ टिकला आणि पुढे तो दातओठी झाला.

प्रतिमेपासून धापेपर्यंतचा पूल आहे दुःस्वप्नाचा. 'पांतासिआरे'चा अर्थ वाईट स्वप्नाने छाती दडपणे, त्यात श्वासासाठी धडपडणे, असा लावतात. शरीराच्या बाजूने पाहिलं तर हे अगदी पटतं. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम अवस्थेत, हातापायांचे स्नायू ढिले पडतात. बरगड्यांमधलेही बरेच सैलावतात आणि श्वासाचं काम मुख्यतः श्वासपटलावर येतं. अशात मध्येच जाग आली तर हलता येत नाही, मनासारखा खोल श्वास घेता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं आणि अनेकांना तो 'कोणी' दिसतोही. प्रतिमा आणि कोंडलेला श्वास एकाच क्षणी येतात.

मराठी वाचकाने खरं थांबावं ते यापुढे. 'फांतासिया'चं मूळ 'फाइनेइन', म्हणजे उजेडात आणणे, दाखवणे. त्याचा मूळ धातू आणि संस्कृत 'भा', चमकणे, हे एकच. ग्रीकमध्ये जिथे फ, तिथे संस्कृतात भ, हा ठरलेला नियम आहे. त्यातूनच आपल्याकडे आभा, प्रभा आणि भास. नसलेलं दिसलं की आपण 'भास झाला' म्हणतो. चमकण्यापासून आभासापर्यंतची ही वाट दोन्ही भाषांनी आपापली काढली, हे मला फार विलक्षण वाटतं.

वापराचं थोडक्यात. 'पँट' म्हणजे भराभर आणि उथळ श्वास. कुत्र्याचं धापणं हे त्याचं चोख उदाहरण: मिनिटाला 300 च्या वर श्वास, पण प्रत्येक उथळ, म्हणून हवा मुख्यतः तोंड-नाक-श्वासनळीतच फिरते, ओलावा उडतो आणि अंग थंड होतं. हवा दमट असली की ओलावा उडत नाही आणि हा उपाय तोकडा पडतो. 'गॅस्प' म्हणजे एकदम तोंड वासून ओढलेला श्वास. तो जांभई देणे अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'गेइस्पा'वरून आला. 'व्हीझ' म्हणजे अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून, बहुधा श्वास सोडताना येणारी शिट्टी. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरला नुसता जिना चढून दम लागतो हे सांगायचं असताना 'व्हीझिंग' म्हटलं, तर तो आधी दम्याचाच विचार करील.