इतर धर्मांतील चमत्कारांकडे मुसलमानाने कसे पाहावे

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती चमच्याने दूध पिते अशी बातमी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांच्या आधारे शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडाही केला. असे काही घडले की मराठी मुसलमानाला शेजारीपाजारी हमखास विचारतात, ‘तुमच्या धर्माचं यावर काय म्हणणं आहे?’ प्रश्न बहुधा खोचक नसतो, कुतूहलाचा असतो. आपल्याकडून मात्र ‘हे सगळे थोतांड आहे’ किंवा ‘तुमचे तुम्हाला, आमचे आम्हाला’ यांपैकी एखादे उत्तर देऊन विषय संपवला जातो. इस्लामी विद्वानांनी शतकानुशतके या प्रश्नाचा जो बारकाईने विचार केला, त्याला ही दोन्ही उत्तरे न्याय देत नाहीत.

कुरआनात अद्भुत गोष्टी केवळ पैगंबरांच्या हातून घडत नाहीत. हजरत मूसांसमोर (बायबलमधले मोझेस) इजिप्तचा राजा फिरऔन याच्या जादूगारांनी दोऱ्या आणि काठ्या टाकल्या, तेव्हा त्या धावत असल्याचा भास झाला आणि खुद्द मूसांच्या मनालाही भीती चाटून गेली, असे सूरह ताहामध्ये, म्हणजे कुरआनच्या ‘ताहा’ या अध्यायात, आले आहे. त्याच सूरहमधला सामिरीचा प्रसंग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. मूसांच्या लोकांतल्या सामिरी नावाच्या माणसाने दागिने वितळवून वासरू घडवले, त्यातून हंबरण्याचा आवाज येऊ लागला आणि लोक त्याची पूजा करू लागले. येथे कुरआन आवाज खोटा होता असे म्हणत नाही आणि तो कसा निघाला हेही सांगत बसत नाही. ते एवढेच विचारते, की हे वासरू तुमच्या बोलण्याला उत्तर देत नाही, तुमचे भले किंवा वाईट करण्याची ताकद त्याच्यात नाही, हे यांना दिसत नव्हते का? म्हणजे एखादी गोष्ट अद्भुत आहे एवढ्यावरून ती दाखवणारा खरा ठरत नाही. दज्जाल म्हणजे जगाच्या अंताआधी येणारा महाठक; त्याच्याविषयीच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तर तो आकाशाला आज्ञा करून पाऊस पाडेल आणि मारलेल्या माणसाला उठवून उभे करेल असे सांगितले आहे, आणि तरीही तो लबाडच आहे.

म्हणूनच विद्वानांनी वर्गवारी केली. पैगंबरीच्या दाव्यासोबत घडतो आणि ज्याची बरोबरी कोणी करू शकत नाही तो मोजिजा. वलीच्या, म्हणजे अल्लाहच्या जवळच्या संताच्या, बाबतीत घडते ती करामत. शिकून करता येते ती जादू. आणि वाट चुकलेल्या माणसाला अल्लाहकडून मिळणारी ढील, जिच्यामुळे तो आणखी भरकटत जातो, तिला इस्तिदराज म्हणतात. दहाव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ बाकिल्लानी यांनी तर या भेदांवरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बुद्धीला प्राधान्य देणाऱ्या मुअतझिला या जुन्या इस्लामी पंथाने वलींच्या करामती साफ नाकारल्या होत्या, तेव्हा या विषयावर मुसलमानांत एकमत होते असेही नाही.

पण वर्गवारीच्याही आधी एक पायरी येते, ती म्हणजे शहानिशा. इ.स. ६३२ मध्ये मदिनेत पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. नवा धर्म रुजत असताना असा समज पसरू देणे किती सोयीचे होते! पुत्रशोकात असलेल्या पैगंबरांनी मात्र लोकांना बजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. चमत्कारांविषयी मुसलमानाची वृत्ती कशी असावी, हे मला या एका प्रसंगातून जितके कळते तितके मोठमोठ्या ग्रंथांतूनही कळत नाही.

ही कसोटी इतरांना लावायची तर आधी स्वतःला लावली पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची आवई उठली. सूफी संत मखदूम अली माहिमी यांची ही करामत आहे असे समजून शेकडो लोकांनी ते पाणी पिले, बाटल्यांत भरून घरी नेले, लहान मुलांनाही पाजले. मिठी नदी शहराचे सांडपाणी घेऊन तिथेच समुद्राला मिळते आणि भर पावसाळ्यात तिच्या पाण्याने खाडीचा खारेपणा कमी होऊ शकतो. ते पिऊ नका, असे पालिका सांगत होती. मखदूमसाहेब कुरआनचे भाष्यकार होते, पंधराव्या शतकातले मोठे विद्वान होते. त्यांची विद्वत्ता ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही ही खाडीची गोष्ट ठाऊक असावी, याचे मला फार वाईट वाटते. सूफी बायझीद बिस्तामी म्हणत असत की, एखादा माणूस हवेत मांडी घालून बसलेला दिसला तरी भुलू नका. अल्लाहच्या आज्ञा तो कशा पाळतो ते आधी पाहा.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: तुमच्या पैगंबरांचे ते मोजिजे आणि इतरांची ती जादू, हा कुठला न्याय? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. मोजिजा कशाला म्हणायचे हे श्रद्धेच्या आत उभे राहूनच ठरते आणि जो त्या श्रद्धेचा नाही त्याला ते पटावे असा आग्रह मला धरता येत नाही. मात्र इस्लामचा डोलारा चमत्कारांवर उभा नाही. मक्केतील कुरैश टोळीच्या लोकांनी पैगंबरांकडे जमिनीतून झरा काढण्याची, सोन्याच्या घराची, आकाशात चढून जाण्याची मागणी केली, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की, मी एक माणूस आणि प्रेषित यापलीकडे कोण आहे? निशाण्या मागणाऱ्यांना कुरआनच्या दुसऱ्या एका आयतीत (वचनात) विचारले आहे की, पैगंबरांवर ग्रंथ उतरवला, तो पुरेसा नाही का?

मग पैठणच्या रेड्याचे आणि आळंदीच्या भिंतीचे काय? ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, असे कुरआन सांगते, त्यामुळे त्या घटना घडल्या किंवा घडल्या नाहीत अशी साक्ष मी देणार नाही. अल्लाहच्या सामर्थ्यापलीकडे काहीच नाही, पण भिंत चालली म्हणून कोणतीही शिकवण माझ्यासाठी खरी किंवा खोटी ठरत नाही. थट्टेचा मार्गही मला बंद आहे, कारण इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका अशी स्पष्ट आज्ञा आहे. वारकऱ्यांशी बोलताना माझ्या ध्यानात आले आहे की, ज्ञानेश्वरांची थोरवी सांगताना तेही लवकरच भिंत सोडून त्यांच्या शिकवणुकीकडे वळतात. तिथे आमचे खरे बोलणे सुरू होऊ शकते. तौहीद, म्हणजे अल्लाह एकच आहे ही श्रद्धा, आणि अद्वैत यांच्यात मोठे अंतर आहे आणि ते मी झाकून ठेवत नाही, पण त्यावर बोलण्यासाठी रेड्याच्या मुखातून वेद निघाले की नाही, याचा निकाल आधी लागावा लागत नाही.